हसू घ्यायचं राहिलं

माझं काम लक्षात ठेवण्याचं आहे.

मालिकेतली सून रडत रडत दारातून आत येते तेव्हा पिशवी तिच्या डाव्या हातात असेल आणि चार दिवसांनी घेतलेल्या पुढच्या शॉटमध्ये ती उजव्या हातात गेली, तर ओरडा मला बसतो. कपात चहा किती उरला होता, केसांची बट कानामागे होती की पुढे, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हे सगळं मी फोटो काढून आणि लॉगशीटवर लिहून ठेवते. सेटवर या कामाला कंटिन्युइटी म्हणतात आणि मला नुसतं ‘कंटी’. डोंबिवलीत मास मीडियाचं बीएमएम करत होते तेव्हा मला दिग्दर्शक व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय. सुरुवात अशीच होते, असं सगळे सांगतात.

आमचं शूटिंग कोलशेतला चालतं. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंगाची एक कंपनी बंद पडून आहे, तिच्या मोठ्या शेडमध्ये मालिकेतलं घर उभं केलंय. दिवाणखाना, देवघर, दोन बेडरूम आणि वर कुठेही न जाणारा एक जिना. भिंती प्लायवूडच्या. ओहोटी असली की चिखलाचा वास एसीतून आत येतो. मी राहते डोंबिवली पश्चिमेला, मोठागावाच्या बाजूला. माणकोलीचा पूल झाल्यापासून प्रोडक्शनची गाडी पाऊण तासात पोचवते. त्या पुलामुळेच बाळंतपणानंतर सहा महिन्यांत कामावर परतू शकले. यशोधराला, म्हणजे आमच्या यशूला, सासूबाई सांभाळायच्या.

तर सेटवर एक पद्धत आहे. एखाद्या पात्राचा मृत्यू शूट झाला की दिग्दर्शक लगेच ‘कट’ म्हणत नाही. कॅमेरा चालूच ठेवतात आणि मेलेला नट डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसतो. चांगला दात दाखवून. मग कट. हार घातलेल्या फोटोचंही तसंच, आधी नटाने हाराशेजारी उभं राहून हसायचं. तो तुकडा कुठे दाखवत नाहीत, पण घेतात. मोठमोठे नट घेतल्याशिवाय सेट सोडत नाहीत.

आमच्याकडे याची जबाबदारी विठ्ठलदादांनी स्वतःहून घेतली होती. विठ्ठलदादा म्हणजे आमचे स्पॉटदादा. चहापाणी, खुर्च्या, पंखे सगळं तेच बघतात. कोलशेत गावातलेच, साठीला टेकलेले. मी नवीन होते तेव्हा मी त्यांना हसत विचारलं होतं, “दादा, हे कशासाठी?”

“कॅमेऱ्याला सांगायला लागतं, बाय,” ते म्हणाले. “का ते खोटं व्हतं. त्याला काय कलतंय? तो बगतो तेच खरं धरतो.”

मी हे घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा सम्यक पोट धरून हसला होता. तो एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या दोन्ही घरांत असलं काही मानत नाहीत. माझे बाबा तर प्रत्येक गोष्टीला एकच विचारायचे, “पुरावा काय?” म्हणून मीही पुढचं सगळं पुराव्यानिशीच लिहितेय. तारखा आणि फोटो माझ्याकडे आहेत.

जानेवारीच्या सोळा तारखेला मालिकेतल्या बाळाचा मृत्यू होता. बाळाचं काम दोन जुळ्या मुली करायच्या, एक रडली की दुसरी. त्या सकाळी दोघींनाही ताप होता. एपिसोड दुसऱ्याच दिवशी दाखवायचा होता, हातात शिल्लक काही नव्हतं. प्रीतमसर, आमचे दिग्दर्शक, डोक्याला हात लावून बसले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“मेघना, तुझी केवढी आहे गं?”

“दहा महिन्यांची.”

“बाई, मग बघतेस काय माझ्याकडे! गाडी पाठव.”

मेकअपवाला म्हणाला, “घरचीच हिरोइन. रीटेकही मागणार नाही.” सगळे हसले.

मी लगेच हो म्हटलं नाही. पण बाळंतपणानंतर माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला माहीत होतं. ‘तिचं लक्ष आता घरी.’ आणि प्रीतमसर पुढच्या मालिकेत मला असोसिएट दिग्दर्शक म्हणून घेणार, अशी कुजबुज होती. मी सासूबाईंना फोन केला. त्यांना म्हटलं, आई, झोपायचा सीन आहे, दहा मिनिटांचं काम. झोपायचाच सीन होता तो. मी खोटं बोलले नाही, अर्धं बोलले.

लहान मुलांच्या शूटिंगला सरकारी परवानगी लागते. ती जुळ्यांच्या नावावर होती. त्या दिवसाच्या कॉलशीटवरही त्यांचीच नावं राहिली. कागदोपत्री यशू तिथे आलीच नव्हती.

सासूबाईंच्या कडेवरून ती आली ती हसतच. यशूचं हसू म्हणजे आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होतं. कुकरची शिट्टी झाली की ती खदखदून हसायची. तीन शिट्ट्यांना तीनदा. शेजारचे विचारायचे, आज डाळ का उशिरा? सेटवर तिने सगळ्यांच्या कडेवर फेरी मारली, विठ्ठलदादांच्या मिशा ओढल्या. मग सासूबाईंना बाहेर गाडीत बसवून मी तिला पाजलं आणि दोन चाळीसला ती झोपली. खरी झोपली.

पिवळं झबलं. उजव्या गालावर तीट, पात्राची तशीच असायची. घरी आम्ही डाव्या गालावर लावतो. डावी मूठ मिटलेली, उजवा पाय गुडघ्यात वाकलेला, तोंड खिडकीकडे. लाकडी पाळणा, त्याला नवा वार्निशचा वास. मी सतरा फोटो काढले. शेवटी आई असले तरी आधी कंटी होते.

सीन अठरा, शॉट सात. तीन वाजून बारा मिनिटं. नायिकेने पाळण्यात हात घातला, बाळाला उचललं, हाक मारली, हलवलं. यशूची मान मागे कलंडली. नायिकेने जी किंकाळी फोडली तिने पत्रा हादरला.

यशू जागी झाली नाही.

मला तेव्हा अभिमान वाटला, हे लिहायला लाज वाटते. प्रीतमसर कुजबुजले, “गुणाची आहे पोरगी.” आणि म्हणाले, “कट.”

“सर, पोरीचा हसू?” विठ्ठलदादा मागून म्हणाले.

“झोपलीय ती, दादा. उठली की घेऊ.”

ती उठली साडेतीनच्या पुढे. तोपर्यंत दिवे देवघराकडे हलवले होते. विठ्ठलदादा पाळण्याला धरून उभे राहिले. पाळणा उचलू देईनात. प्रीतमसर ओरडले, सेट मांडणारे आर्टवाले वैतागले, सगळं युनिट एका म्हाताऱ्यासाठी थांबलेलं. मी यशूला बाहेर नेऊन सासूबाईंच्या हातात दिलं आणि दादांकडे गेले.

“दादा, घेतलं हसू. मघाशी, तुम्ही चहाला गेलात तेव्हा.”

“खरा सांगतेस?”

मी लॉगशीट पुढे केली. त्यांच्याकडे येता येता लिहिलेली ओळ दाखवली. ‘सीन १८, शॉट ७, टेक २. बाळ कॅमेऱ्याकडे बघून हसते. १४ सेकंद. ओके.’

चौदाच का लिहिलं, माहीत नाही. नेहमी तेवढंच लागतं म्हणून असेल. दादांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, कपाळाला लावला आणि पाळणा सोडला. ती ओळ नंतर खोडायची असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड आणि लॉगशीट नेहमीप्रमाणे एडिटिंगला ठाण्याला गेली.

सहा वर्षांत मी लॉगशीटवर लिहिलेली ती एकच खोटी ओळ.

त्या संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली. यशूने मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. मग परत माझ्याकडे बघितलं. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली.

“दमलीय,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एपिसोड लागला आणि त्यांना कळलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, “मी मानत नाही गं काही. तुला माहितीय. पण मरायच्या सीनला नेलंस? मला सांगायचं तरी.”

सम्यक म्हणाला, “आई, नाटक होतं ते.”

“लेकराला कुठे माहितीय नाटक?”

आठवडा गेला. यशू दूध प्यायची, पेज खायची, रांगायची. ताप नाही, काही नाही. फक्त हसायची नाही. सम्यक तिच्यापुढे घोडा झाला, माकड झाला. ती त्याच्याकडे असं बघायची, जसं आपण स्टेशनवर समोरच्या बाकावरच्या माणसाकडे बघतो.

मग माझ्या लक्षात झोपेचं आलं. रविवारी मी घरी होते. ती खेळता खेळता चटईवर आडवी झाली. डावी मूठ मिटलेली. उजवा पाय गुडघ्यात वाकलेला. तोंड खिडकीकडे. मी फोनमध्ये बघितलं, तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी फोटो काढला आणि सोळा तारखेच्या फोटोशेजारी लावला. सेटवर दिवसभर मी हेच करते, दोन फोटो शेजारी लावायचे आणि फरक शोधायचा. मला फरक सापडला नाही. कपाळावरची बटही तशीच.

सोमवारी सासूबाईंना फोटो पाठवायला सांगितला. मंगळवारी, बुधवारी. वेळ तीच, मूठ तीच.

“लहान मुलांना सवय लागते,” सम्यक म्हणाला.

“बटेलाही?”

“मेघना, तू नोकरी घरी आणू नकोस.”

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान, डोळे, घसा सगळं तपासलं. खुळखुळा वाजवला, तिने बघितलं. “छान आहे हो,” ते म्हणाले. “वजन मात्र तेवढंच दाखवतंय, मागच्या खेपेइतकंच. आठ किलो दोनशे. दात येताना होतं असं.” मी विचारलं, दात कुठे येतायत, दोनच आहेत. ते म्हणाले, येतील.

त्या रात्री तिला कुशीत घेतलं तेव्हा मला तिची नखं लागली नाहीत.

बाळाची नखं किती भराभर वाढतात, हे आईलाच माहीत असतं. आठवड्यातून दोनदा कापावी लागतात, नाहीतर बाळं स्वतःच्याच गालावर ओरखडे काढून घेतात. मी शेवटची कधी कापली होती? सोळा तारखेच्या सकाळी, आंघोळीनंतर. आज बावीस दिवस झाले होते. दहाही बोटं बघितली. नखं आत्ताच कापल्यासारखी, कडेला कात्रीची बारीक खाच राहिली होती ती तशीच.

सम्यकला उठवलं नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर गेले तर आर्टवाले दिवाणखान्यात एक फ्रेम लावत होते. मालिकेत बाळाला जाऊन महिना झाला होता, म्हणून भिंतीवर तिचा फोटो. पोस्टकार्डाच्या चौपट आकार, काच, चंदनाचा हार.

हाराच्या आत यशू हसत होती.

पाळण्यात. पिवळं झबलं, उजव्या गालावर तीट, डोळे सताड उघडे, कॅमेऱ्याकडे बघून. खदखदून.

“हा फोटो कुठून आणला?” मी विचारलं.

“एडिटमधून पाठवला. जुळ्यांचे सगळे रडकेच होते. हा गोड आहे ना?” आर्टवाला हार सरळ करत म्हणाला. “तुझीच ना ही? अगं, दृष्ट काढ तिची.”

मी बाहेर येऊन सोनलला फोन लावला. सोनल आमची एडिटर, कॉलेजपासूनची मैत्रीण.

“तो फोटो कशातून काढलास?”

“टेक दोनमधून. तुझ्याच शीटवर लिहिलंय की. सीन अठरा, शॉट सात.”

“टेक दोन नाहीये, सोनल.”

“आहे गं. माझ्यासमोर आहे.”

दुपारी लंचमध्ये मी रिक्षा करून ठाण्याला तिच्याकडे गेले. एडिटची खोली म्हणजे खिडकी नसलेलं एक कपाट, दोन खुर्च्या, दोन पडदे. तिने फाइल उघडली. क्लॅपबोर्ड नव्हता. खालच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, तीन बारा. ज्या वेळी ती नायिकेच्या हातात झोपलेली होती तीच वेळ.

पाळणा. कोणी नाही. मग कॅमेऱ्यामागून एक बाई म्हणाली, “यशू, आई कुठंय?”

आणि यशू हसली. मान मागे टाकून, हात हलवत, कुकरला हसायची तशी. तिचं हसू त्या बंद खोलीत आदळत राहिलं. चौदा सेकंदांनी पडदा काळा झाला.

“आवाज तुझा आहे ना?” सोनल म्हणाली.

माझाच होता. मी ते वाक्य त्या दिवशी बोलले नव्हते.

“परत लाव,” मी म्हटलं.

तिसऱ्यांदा बघताना मी काम करायला लागले. म्हणजे आई म्हणून बघणं थांबवलं आणि कंटी म्हणून बघितलं. झबलं बरोबर. तीट बरोबर. वार्निश बरोबर. “इथे थांबव,” मी म्हटलं. “तोंड मोठं कर.”

खाली दोन दात. वर दोन दात. वरचे नुकतेच फुटलेले, पांढऱ्या रेघेएवढे.

यशूला वरचे दात अजून आले नव्हते.

“काय झालं?” सोनलने विचारलं.

“काही नाही. हाताजवळ ने.”

तिने हात मोठा केला. नखं वाढलेली होती. आठवडाभराची तरी.

सोनलने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “मेघना, एक सांगू? परवा मी ही क्लिप बघितली तेव्हा ती इतकी… म्हणजे मोठी वाटली नव्हती.” मग स्वतःच म्हणाली, “जाऊ दे. रोज बारा तास पडद्यापुढे असते मी.”

परत आल्यावर मी विठ्ठलदादांना सगळं सांगितलं. खोट्या ओळीसकट. ते रागावतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि हातातली चहाची किटली खाली ठेवायचंच विसरले.

“हसू घ्यायचा रायला,” ते म्हणाले. “तू त्याला लिवून दिलंस का घेतला. त्यानं मग घेतला.”

“कुठून, दादा?”

त्यांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाले, “तोच पालना, तोच कॅमेरा, तोच कपडा. पोरीला आन. आता घेव आपुन, खरा.”

प्रीतमसरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तू शिकलेली मुलगी ना?” पण ते बोलताना त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघायचं टाळलं. “लंचमध्ये दहा मिनिटं घे. मला काही माहीत नाही.”

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला मी यशूला घेऊन आले. सासूबाई बरोबर होत्या. पिवळं झबलं अगदी बरोबर बसलं. दहा महिन्यांच्या बाळाचं झबलं पावणेअकरा महिन्यांच्या बाळाला.

पाळणा गोदामातून काढला. मी सतरा फोटो पुढे ठेवून सगळं जुळवलं. पडद्याची चुणी, खिडकीतला उजेड, उशीचा कोपरा. मूठ आणि पाय जुळवावे लागले नाहीत. तिला ठेवलं आणि ते आपोआप तसे झाले. फक्त डोळे उघडे होते.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मी पाळण्याशेजारी बसून खुळखुळा वाजवला. टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी सुनेच्या नोकरीच्या जागी, सगळ्या पुरुषांसमोर, मांजराचा आवाज काढला. विठ्ठलदादांनी मिशी पुढे केली.

यशू बघत होती.

पाच मिनिटं झाली. सहा. कुणीतरी घसा खाकरला. ते वाक्य बोलायचं नाही, असं मी ठरवून आले होते. बाकी सगळं करायचं, तेवढं नाही.

आठ मिनिटं झाली.

“यशू,” मी म्हटलं. “आई कुठंय?”

“हसली!” मॉनिटरपाशी प्रीतमसर ओरडले. “हसली, हसली! घे, चालू ठेव!” सगळे हसायला लागले, कुणी शिट्टी मारली. विठ्ठलदादांनी हात जोडले. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्याही मॉनिटरकडेच बघत होत्या.

मी पाळण्याकडे बघत होते.

तिचे ओठ हलले नव्हते.

“कट!”

लाल दिवा विझला. यशूने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मी तिला उचललं. छातीशी धरलं. दात मोजले नाहीत. त्या दिवशी मी काहीच मोजलं नाही.

घर पूर्वीसारखं झालं. ती हसते. सम्यक म्हणतो, बघ, उगाच घाबरली होतीस. शेजारचे म्हणतात, आला बाई पोरीचा आवाज. दुपारची तशी झोपत नाही आता. मी फोटो काढणं बंद केलं, नखं बघणं बंद केलं. आंघोळ सासूबाई घालतात, मी त्यांना काही विचारत नाही. ती हसताना माझ्या तोंडाकडे न बघता किंचित वर, डावीकडे बघते. कुकरला हसत नाही. सुरू होतं तसं एकदम थांबतं. मी मोजत नाही. चौदा.

मार्चमध्ये प्रीतमसरांनी मला बोलावलं. नवी मालिका, मीरा रोडला सेट, असोसिएट दिग्दर्शक. “तुझंच नाव दिलंय,” ते म्हणाले. मी हो म्हटलं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते.

माझ्या जागी येणाऱ्या मुलीला काम समजावत होते. दिवाणखान्याच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, फ्रेमचासुद्धा, असं तिला सांगत होते. तिने फोटो काढला, मोठा केला आणि म्हणाली, “ताई, हे बाळ असंच आहे का पहिल्यापासून? न हसणारं?”

मी फोन हातात घेतला.

हाराच्या आत यशू हसत नव्हती. तोंड मिटलेलं होतं. डोळे उघडे, सरळ माझ्याकडे. आर्टवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “असाच आहे की. पहिल्या दिवसापासून.” माझ्या फोनमधले फ्रेमचे महिनाभराचे फोटो उघडले. सगळ्यांत तसंच होतं, मिटलेलं तोंड. सोनलला फोन करायला बोट गेलं, पण केला नाही.

फोटो अजून मोठा केला. एक हात गालापाशी होता. नखं लांब झाली होती. टोकाला किंचित वळायला लागलेली. आणि गालावर, तीटेच्या खाली, एक बारीक ताजा ओरखडा.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी यशूचा हात हातात घेतला. ती हसली, वर, डावीकडे बघत. कडेला कात्रीची ती बारीक खाच अजून तशीच आहे.

मीरा रोडचं काम मी सोडलं. प्रीतमसर दोन दिवस बोलले नाहीत. सम्यकला कळत नाही, सासूबाई म्हणतात, ‘अगं, संधी परत येत नसते.’ मी कोलशेतलाच आहे, कंटी म्हणूनच. मालिका अजून वर्षभर चालेल, म्हणतात. रोज सकाळी युनिट यायच्या आधी मी दिवाणखान्यात जाते, फ्रेमपुढे उभी राहते आणि फोटो काढते. काल दोन ओरखडे होते. आज तीन आहेत.

माझ्या बॅगेत आता नेलकटर असतो. पण फ्रेमला काच आहे.